अडकलेली पुंगळी

रविवार, १२ जानेवारी १९६४

आज घडलं ते क्रमाने:

१. पहाटे वाडीमागच्या टेकडीवर डुकरांसाठी हाकारा होता. रायफल शिवदासकडे होती. ती घेऊन तो रात्रभर राखणीच्या माळ्यावर उघड्यावरच बसला होता.

२. डुक्कर करवंदीच्या जाळीतून बाहेर आलं. शिवदासने गोळी झाडली. ती मागच्या पायाला लागली.

३. त्याने बोल्ट मागे ओढला. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडली नाही. नळीतच राहिली.

४. त्याने बोल्ट पुढे ढकलला. मॅगझिनमधलं दुसरं काडतूस वर आलं, ते नळीतल्या पुंगळीवर आपटलं आणि तिथेच अडकलं.

५. डुक्कर आमच्या सदा गड्याच्या अंगावर गेलं. त्याची उजवी मांडी फाटली.

६. शिवदासने रायफल टाकून कोयता घेतला. डुक्कर ओढ्यात पळालं.

७. शिवदासने वाटेत अडकलेलं काडतूस बोटांनी काढलं. ऊन चांगलं वर आल्यावर तो रायफल घेऊन घरी पोचला. भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोल्ट ओढला. पुंगळी सहज सुटून अंगणात पडली.

एवढं निश्चित आहे. चौथा मुद्दा मात्र फक्त शिवदासच्या शब्दावर आहे. त्या वेळी दुसरा माणूस जवळ होता तो सदा, आणि डुक्कर त्याच्याच अंगावर येत होतं.

भाऊंनी आपलं मत न्याहारीला सांगितलं. "रायफलला काही झालेलं नाही. जनावर बघून पोराचा हात गळाला. बोल्ट अर्धाच ओढला असणार."

मी म्हटलं, "अर्धा ओढला असता तर दुसरं काडतूस वर आलंच नसतं."

"ते वर आलं हे कोण म्हणतो? तोच."

परवाना भाऊंच्या नावावर आहे, पण मोतीबिंदूमुळे ते बार काढत नाहीत. त्यांच्या वतीने रायफल वापरणारा म्हणून परवान्यावर शिवदासचं नाव आहे. जंगल खात्यात त्याला गार्डची जागा मिळण्यासारखी आहे. दहा फेब्रुवारीला अलिबागला बोलावलं आहे. तिथे परवानेदाराचा दाखला हवा, की हा माणूस हत्यार जबाबदारीने हाताळतो. भाऊ कालपर्यंत देणार होते. आज म्हणाले, "ज्याच्या हाताची मला खात्री नाही, त्याच्या हाताबद्दल मी लिहून देत नाही."

मी म्हटलं, मी तपासते.

"तपास. बिघाड दाखव, त्याच क्षणी सही करतो."

माझी रजा सहा फेब्रुवारीपर्यंत आहे. मुंबईच्या कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंची मापं तपासते. काम तेच आहे. फक्त इथे उपकरणं कमी आहेत.


सोमवार, १३ जानेवारी

सदाला म्हसळ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. टाके पडले आहेत. पाय राहील.

जेवणानंतर ओटीवर चटई टाकून रायफल उघडली. आधी ती रिकामी असल्याची खात्री, मग बोल्ट, मग मॅगझिन. हा माझ्या भावाचा, माधवचा क्रम. तो दर रविवारी इथेच बसायचा. केळीच्या पानावर सुटे भाग डावीकडून उजवीकडे मांडायचा, जोडताना उजवीकडून उचलत यायचा. पान रिकामं झालं की रायफल पूर्ण. शिवदास पायरीवर बसायचा. ओटीवर येत नसे. माधव त्याला मनगटाला धरून वर ओढायचा आणि आई काही न बोलता तिसरा कप आणून ठेवायची. तिघांत बारके स्क्रू माझ्या मुठीत असत, कारण मी ते हरवत नसे. आपण यांत्रिकीकडे का वळलो असं मला पॉलिटेक्निकच्या मुलाखतीत विचारलं होतं. मी काहीतरी दुसरंच उत्तर दिलं होतं.

माधव गेला त्याला मार्चमध्ये तीन वर्षं होतील.

तपासणी: बोल्टच्या तोंडाशी एक छोटा आकडा असतो, एक्स्ट्रॅक्टर. तो पुंगळीची कडा पकडतो आणि बोल्टबरोबर तिला मागे खेचतो. आकड्याची धार शाबूत. त्याखालची स्प्रिंग जोरदार. नळीचं तोंड गुळगुळीत. मॅगझिनच्या वरच्या कडा वाकलेल्या नाहीत. काडतुसं वर ढकलणारी पट्टी मोकळी हलते.

गंजाचा एक ठिपका नाही. भाऊ म्हणतात, रायफलची निगा शिवदास राखत असेल. समुद्राच्या इतक्या जवळ, कपाटात पडून राहणाऱ्या लोखंडाला ठिपका नसावा याचं नवल वाटलं. बोटांना तेल लागलं. म्हणजे वंगण आहे.

काहीही पुसलं नाही. कारण सापडेपर्यंत वस्तू आहे तशी ठेवायची.


बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. काम बंद.

आज जुन्या पुंगळ्यांना पांगाऱ्याच्या लाकडाची टोकं बसवून खोटी काडतुसं केली. भर दुपारी अंगणात बोल्ट ओढत, ढकलत राहिले. हळू, जोरात, रायफल तिरकी धरून, उलटी धरून. प्रत्येक वेळी काडतूस आत गेलं आणि प्रत्येक वेळी बाहेर उडालं. मग मुद्दाम काडतुसं चुकीची भरली, वरच्याची कडा खालच्याच्या कडेमागे अडकवून. तेव्हा अडलं, पण ते वेगळं अडणं: काडतूस मॅगझिनमधून वरच येत नाही. आपल्याला हवा असलेला बिघाड तो नव्हे.

भाऊ आरामखुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना दिसत कमी असलं तरी आवाज कळतो. शेवटी म्हणाले, "चालते आहे ना?"

"चालते आहे."

"मग झालं."

संध्याकाळी विहिरीवर नीराबाई आली. शिवदासची आई. कोळीवाड्यातली विहीर मचूळ आहे म्हणून त्या बाजूच्या बायका आमच्याकडे गोडं पाणी भरतात.

"शरूबाय, गावला काय?"

"अजून नाही."

"गावंल. माज्या पोराचा हात कापत न्हाय. बाप बुडाला त्या वादळात वल्हं सोरलं न्हाय त्यानं, तवा पंधरा वरसांचा व्हता." तिने कळशी डोक्यावर चढवली. "नाक्यावर पोरं काय बोलतान ठावं हाय? शिवदासनं डुकराला रामराम घातला बोलतान. तो हसतो त्यांच्यासंगती. घरी येऊन जेवत न्हाय."

मी म्हटलं, मी बघते आहे.

"बघ. तू लहानपनी पन बघतच ऱ्हायाचीस," ती म्हणाली आणि गेली.

याचा अर्थ लागला नाही.


शनिवार, १८ जानेवारी

बिघाड जिथे झाला तिथे, तशाच वेळी, त्याच हातांनी करून पाहायला हवा, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. नीराबाईकडे निरोप दिला. शिवदास काल संध्याकाळी रायफल घेऊन माळ्यावर गेला आणि त्या दिवशीसारखाच रात्रभर बसला. मी पहाटे कंदील घेऊन गेले. नीराबाई सोबत आली आणि वाटेतल्या खडकावर पदर गुंडाळून बसली. "मी हितंच हाय. तुमी तुमचं लोखंड बघा."

थंडी होती. घरातलं थर्मामीटर तापाचं आहे, त्यामुळे किती ते सांगता येत नाही. श्वासाची वाफ दिसत होती.

शिवदासच्या अंगात माधवचा राखाडी स्वेटर होता. आईने दिलेला. कोपरावर वेगळ्या रंगाच्या लोकरीने रफू केलं आहे, बायकी टाक्यांनी नव्हे, जाळ्याच्या गाठींनी. याचा तपासाशी संबंध नाही.

"तुम्ही कशाला आलात गारठ्यात," तो म्हणाला. "भाऊंना पाठवायचं."

"भाऊंना अंधारात दिसत नाही."

"मला दिसत होतं. काय उपयोग झाला?"

खोटी काडतुसं भरली. त्याने बोल्ट बंद केला, मग पूर्ण मागे ओढला. मी हात लावून खात्री केली: पूर्ण मागे. काडतूस नळीतच. पुढे ढकलला. दुसरं त्याच्यावर आपटून अडकलं. तंतोतंत चौथा मुद्दा.

मी रायफल घेतली. तिसऱ्या ओढीला माझ्याही हातात तेच. नंतर एकदा मॅगझिनमधली पट्टी इतक्या आळसाने वर आली की बोल्ट काडतुसावरून तसाच पुढे निघून गेला. हा दुसरा बिघाड, पहिल्यापेक्षा वेगळा, त्याच पहाटेचा.

शिवदास म्हणाला, "म्हणजे तुम्ही पण घाबरलात."

"मी घाबरलेले नाही."

"मी पण भाऊंना तेच बोललो."

त्यानंतर आम्ही ऊन येईपर्यंत बसलो. तो म्हणाला, माधवने त्याला याच माळ्यावर नेम शिकवला. पहिली गोळी माधवनेच झाडून दाखवली आणि त्याच्याच खांद्याला असा दणका बसला की दोघं आठवडाभर त्याचा खांदा आईपासून लपवत होते. मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं माधवचं सगळं मला माहीत आहे. "तुला नाही सांगितलं त्याने," शिवदास म्हणाला आणि मग "तुम्हाला" अशी दुरुस्ती केली. पूर्वी तो दुरुस्ती करत नसे.

घरी पोचेपर्यंत उशीर झाला. भाऊंसमोर अंगणात पुन्हा करून दाखवायला घेतलं. रायफल निर्दोष चालली. दहा वेळा.

"मला तर चालताना ऐकू येते आहे," भाऊ म्हणाले.

"पहाटे अडकली. माझ्या हातात."

"तुझ्या हातात आणि त्याच्या हातात. आणखी कोणी पाहिलं?"

"नीराबाई होती."

"म्हणजे त्याची आई."

शिवदास पायरीवर उभा होता. त्याने खांद्यावरचा काडतुसांचा पट्टा काढून ओटीच्या कडेला नीट घडी करून ठेवला आणि गेला.

भाऊ नंतर मला म्हणाले, "शरयू, लोक काय म्हणतील याचा विचार तू करत नाहीस. मला करावा लागतो." मी म्हटलं, मी बोल्टबद्दल बोलते आहे. ते म्हणाले, "मला कळतं तू कशाबद्दल बोलते आहेस."


रविवार, १९ जानेवारी

नीराबाई पाणी भरायला आली. शिवदास सकाळी दिघीहून तरीने आगरदांड्याला उतरला, तिथून मुरुडला मामाकडे. मामाच्या होडीवर जाणार. निरोप ठेवला आहे: दाखला नको.

नीराबाईने आज मला काही विचारलं नाही.


मंगळवार, २१ जानेवारी

दोन दिवस दव, ओलावा, नळीचं आकुंचन यांचा विचार करत कागद भरले. एकही गणित एवढा परिणाम दाखवत नाही.

आज सकाळी आई म्हणाली, "शरू, बस इथे. केस बघ काय झालेत. मुंबईचं पाणी." मी मागच्या पडवीत बसले. तिने पितळेची वाटी आणली. आमच्याच नारळांचं खोबरेल. पांढरं, घट्ट, बोट घातलं तर खड्डा पडेल असं. "थिजलंय मेलं. ऊन येऊ दे, मग लावते," म्हणून तिने वाटी पायरीवर ठेवली.

मी वाटीकडे पाहत राहिले. मग उठले.

"अगं, केस तसेच?"

बोल्ट काढला. नाकाशी नेला. खोबरेल. हे ओळखायला मला नऊ दिवस लागले, कारण या घरात सगळ्यालाच तो वास आहे. उशांना, दाराच्या कडीला, माझ्या हातांना. मुंबईहून आल्यावर पहिला दिवसभर तो जाणवतो. मग जाणवत नाही.

एक्स्ट्रॅक्टर काढून त्याच्या खोबणीत टाचणी घातली. पिवळट मेण निघालं, जुन्या तेलाचं, धुळीचं, दारूच्या काजळीचं. मॅगझिनच्या तळाशीही तेच.

कारण असं: दिवसा हे तेल पातळ असतं आणि सगळं हलतं. थंडीत ते खोबणीत थिजतं. मग आकड्याला पुंगळीच्या कडेवर झेप घेता येत नाही, तो तिच्यावरून नुसता घसरतो, आणि मॅगझिनमधली पट्टीही चिकटून बसते. दोन बिघाड, एक कारण. रायफल घरी येते तेव्हा ऊन झालेलं असतं आणि पुरावा वितळलेला असतो. आधीच्या वर्षी हे का घडलं नाही, तेही जुळतं: माधवच्या मागे रायफल वापरली ती दसऱ्याच्या आधी, भाताच्या दिवसांत, उकाड्यात. थंडीतला हाकारा हा पहिलाच.

सगळं घासलेटाने धुतलं. शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात दिला.

केसांना तेल लावायचं राहून गेलं. आईने वाटी आत नेली.


गुरुवार, २३ जानेवारी

रायफल रात्रभर अंगणात ठेवली, मी खिडकीत. पहाटे भाऊंना उठवलं. त्यांनी शाल गुंडाळून स्वतः बोल्ट ओढला. पंचवीस वेळा. एकदाही अडलं नाही. मग मी एक्स्ट्रॅक्टरच्या खोबणीत खोबरेल भरलं, थिजू दिलं आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या ओढीला अडकली.

त्यांनी रायफल मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "मी त्या पोराला काय बोललो."

"दाखल्यावर सही करा."

"करतो. पण हे तेल घातलं कोणी?"

"तुम्ही नाही?"

"मला बोल्ट काढता येतो का? सगळं माधव करायचा." ते थांबले. "शिवदासनेच घातलं असेल तर चूक परत त्याचीच. हत्यार जबाबदारीने हाताळतो असं मी कसं लिहू?"

मुद्दा बरोबर आहे. तपास अपुरा आहे.


शुक्रवार, २४ जानेवारी

दुपारी भाऊ झोपले होते. मी माजघराच्या दारातून पाहिलं.

आई ओटीवर बसली होती. समोर केळीचं पान. तिने बोल्ट काढला, अडखळत नाही, सवयीने. सुटे भाग डावीकडून उजवीकडे मांडले. एकेक उचलून, हातावर तेल घेऊन, बोटांनी चोळत होती. कपाळावरून मागे, कानाच्या मागून, आम्हाला लहानपणी लावायची तसं, घाई न करता. ओठ हलत होते. काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही.

मी पुढे गेले. ती दचकली नाही.

"गंजू नये म्हणून गं," म्हणाली. "त्याचं ते मुंबईचं चपटं डबडं होतं, ते संपलं. दुकानात मागायला मला नाव कुठे येतं? मग घरचं लावते. रविवारी ह्यांच्याकडे ओटीवर माणसं असतात, म्हणून शुक्रवारी."

"किती दिवस?"

"त्याचं डबडं संपल्यापासून." तिने आकडा पदराच्या टोकाने पुसला. "तुमच्या डोक्यांना लावलं ते. लोखंडाला काय अपाय करणार?"

मी कारण माहीत असून सांगितलं नाही. असं पूर्वी कधी केलेलं नाही. मी तिच्यासमोर बसले आणि तिने जोडायला घेतल्यावर बारके स्क्रू मुठीत धरले.

रात्री बोल्ट पुन्हा घासलेटाने धुतला. भाऊंना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले. त्यांना चष्म्याचा आता फारसा उपयोग नाही.


शनिवार, २५ जानेवारी

भाऊ काठी घेऊन सदाकडे गेले. मी हात धरून. सदा खाटेवर होता, आजूबाजूला हाकाऱ्याचे चारपाच जण बसले होते. भाऊ उभ्यानेच बोलले.

"शिवदासची चूक नव्हती. रायफलमध्ये खोबरेल थिजलं होतं. ते मी घातलं होतं."

 मग सदा म्हणाला, "भाऊ, तुमी?"

"मी."

"तुमी कदी तेलाच्या बुधल्याला हात लावलाय काय? पान वाढून समोर येईस्तोवर बसल्या जाग्यावरनं हलत न्हाय तुमी." सगळे हसले. सदालाही हसू आलं आणि त्याने मांडी धरली.

भाऊ हसले नाहीत. "मी म्हणतो ना, मी घातलं."

"बरं, बरं. तुमी घातलं," सदा म्हणाला. "शिवदासचा हात चांगला हाय ते मला ठावं हाय. कोयता घेऊन तोच आला न्हवं माज्या अंगावरचं जनावर काढाया? नाक्यावरच्या शान्यांतला एक तरी आला काय?"

हे सदाला कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

भाऊ म्हणाले ते खरं नाही. मी ते नोंदवते आहे आणि दुरुस्त करत नाही.


सोमवार, २७ जानेवारी

खोटं दोनच दिवस टिकलं. सदाची बायको झावळ्या न्यायला आली तेव्हा आईला हसत हसत सांगून गेली. आईने ताक घुसळता घुसळता ऐकलं. घुसळणं थांबलं नाही. लोणी आलं, ते काढलं, हात धुतले, आणि मग मला म्हणाली, "थंडीत थिजतं ते माझ्या लक्षातच आलं नाही. सगळं आयुष्य वाटी उन्हात ठेवते आहे मी."

मी म्हटलं, "आई, कोणाच्याच लक्षात आलं नाही."

"सदाचा पाय गेला असता."

"गेला नाही."

"आणि त्या मुलाचं नाव गेलं." तिने चांगलं लुगडं नेसलं. "चल."

भाऊ ओटीवर होते. म्हणाले, "मी सांगून आलो आहे. तुला जायची गरज नाही."

"तुम्ही सांगितलंत ते कोणाला पटलं?" ती म्हणाली. "बोल्ट कुठून निघतो ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

आई आजपर्यंत कोळीवाड्यात कधी गेलेली नव्हती. नीराबाई दारात सुकट पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं, पण उठायचं विसरली.

"नीराबाई, तुझ्या मुलाचा हात चांगला आहे," आई म्हणाली. "तेल माझं होतं."

नीराबाईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वयनी, बसा. उन्हाच्या आल्या. च्या ठेवतंय."

"तू मला काही बोल."

"काय बोलू? माज्या घरवाल्याचं जालं हाय वर आढ्याला. बारा वरसं झाली. दर पावसाळ्यानंतर उतरवून उन्हात घालतंय. कोन नेनार हाय ते दर्यात?" तिने चुलीत फाटा सारला. "पोरगा बोलतो, आये, कुजलंय, टाक. त्याला काय कलतं?"

आई चहा प्यायली. दोघी बराच वेळ सुकटीच्या भावाबद्दल आणि यंदाच्या थंडीबद्दल बोलल्या. मी उंबऱ्याशी बसले होते. मला वाटलं होतं की दुसरं काहीतरी बोलतील.

निघताना नीराबाई मला म्हणाली, "त्याला कलवाया पायजे. मला लिवता येत न्हाय. तू लिव, शरूबाय. तुझं लिवलेलं तो वाचंल."

"भाऊंनी लिहिलेलं जास्त उपयोगी पडेल."

"तू लिव," ती म्हणाली.

घरी आल्यावर भाऊंनी दाखल्यावर सही केली. अक्षर आडवं गेलं, पण नाव वाचता येतं.

संध्याकाळी आई कपाटासमोर उभी होती. म्हणाली, "म्हणजे आता मी हात लावायचा नाही?"

मी विचार केला. "लोखंडाला मी मुंबईहून तेल पाठवीन. दस्ता लाकडाचा आहे. लाकडाला खोबरेल चालतं."

"थंडीतसुद्धा?"

"थंडीतसुद्धा."

तिने दस्त्यावरून हात फिरवला. म्हणाली, "इथे तो गाल टेकायचा."


मंगळवार, २८ जानेवारी

सकाळपासून पत्राचे तीन मसुदे फाडले. पहिला फार लांब होता. दुसऱ्यात तपासाशी संबंध नसलेल्या गोष्टी आल्या. तिसरा भाऊंच्या वतीने लिहिल्यासारखा वाटत होता, आणि तो तसा नव्हता. पाठवला त्याची नक्कल ठेवते:

"शिवदास,

पुंगळी नळीत राहिली ती तुझ्या हातामुळे नाही. एक्स्ट्रॅक्टरच्या खोबणीत खोबरेल थिजलं होतं. धुतल्यावर तीच रायफल पहाटे नीट चालली, आणि पुन्हा खोबरेल भरल्यावर भाऊंच्या हातात अडकली. त्यांनी हे सदाच्या घरी सगळ्यांसमोर सांगितलं आहे. तेल कोणी घातलं ते तुझी आई तुला सांगेल. ती रागावलेली नाही. तूही रागावू नकोस.

भाऊ त्या दिवशी जे बोलले त्याबद्दल त्यांना तुझ्याशी बोलायचं आहे. ते पत्रात लिहिणार नाहीत. त्यांना समोर बोलावं लागेल.

दाखल्यावर सही झाली आहे. नको असा तुझा निरोप मिळाला होता, पण तो कारण सापडण्याआधीचा होता, म्हणून मी तो धरत नाही. अलिबागला दहा तारखेला जायचं आहे. दाखला टपालाने पाठवता येईल, पण गहाळ होण्याचा संभव असतो. तू येऊन घेऊन गेलास तर बरं.

माझी रजा सहापर्यंत आहे. कारण असेल तर ती दहापर्यंत वाढवून मिळते. अर्ज वेळेत टाकावा लागतो, म्हणून तू येणार की नाही हे मला आधी कळायला हवं.

कृपया मंगळवार, चार फेब्रुवारीपर्यंत उत्तर पाठव.

शरयू"